आडनाव साळे, मुलीचं नाव सुचवा (मेघा सोडून)

चेंबूरची_चिंगी | सोमवार, रात्री २.१०

नमस्कार मंडळी. वेळ बघून कळलंच असेल की घरात तान्हं बाळ आहे. मुलगी झाली, आज नववा दिवस. बारसं बाराव्या दिवशीच, असं सासूबाईंनी जाहीर केलंय. घुगऱ्यांचे हरभरे आणून झाले, पाळणा शेजाऱ्यांकडून आला, नावाचा पत्ता नाही.

खरी अडचण आडनावाची आहे. आम्ही साळे. दोन अक्षरी, साधं, पण मुंबईत त्याचे तीन प्रकार होतात. मराठी माणूस साळे म्हणतो. हिंदीवाल्याच्या तोंडी ळ बसत नाही, तो 'साले' म्हणतो आणि मग स्वतःच ओशाळतो. इंग्रजीत एस-ए-एल-ई, त्यामुळे बँकेतून फोन आला की "मिस्टर सेल आहेत का?" नवऱ्याला कॉलेजात सगळे 'क्लिअरन्स' म्हणायचे. त्याचे मित्र अजून म्हणतात. माझ्या मोबाईलमध्येसुद्धा तो त्याच नावाने आहे.

आता नणंदबाईंनी, म्हणजे बाळाच्या आत्याने, नाव ठरवून टाकलंय: मेघा. लहानपणापासून आवडतं म्हणे. हे इंग्रजीत लिहा आणि बँकेतल्या माणसासारखं वाचा. मेगा सेल. मी हे जेवताना बोलून गेले. नवऱ्याला हसता हसता ठसका लागला, ताई ताटावरून उठल्या नाहीत एवढंच. तेव्हापासून फोन नाही.

आमच्या यादीत आहेत: सई, इरा, तारा, अवनी, सायशा (ही नवऱ्याच्या मावसबहिणीची शिफारस). पत्रिकेप्रमाणे आश्लेषा नक्षत्र, दुसरं चरण, अक्षर 'डू'. त्यावर काही बोलू नका, बोलून झालंय.

आणि हो, माझं नाव चार अक्षरी, नवऱ्याचं पाच अक्षरी. ते का सांगतेय ते शाळेत मुलांचे फॉर्म भरणाऱ्यांना कळेल.


खवचट_खानदेशी | सोमवार, रात्री २.२५

डू वरून डूडल. पाळण्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'अटी लागू' लिहा. (हलकेच घ्या, अभिनंदन!)


गिरगावकर_७२ | सोमवार, सकाळी ६.४५

अभिनंदन! आमच्या चाळीत आजीची एक परीक्षा असे. नातवंडाचं नाव पक्कं करायच्या आधी ती मागच्या गॅलरीत उभी राहून चौकात हाक मारून बघायची आणि समोरच्या गॅलरीतल्या काकूंना विचारायची, "पोचलं का गं?" नाव कागदावर कितीही गोंडस असो, चौक ओलांडून गेलं नाही तर बाद. संध्याकाळी पोरं खाली लगोरी खेळत असायची, तिसऱ्या मजल्यावरून हाक मारायची तर नावाला लांबवायला जागा हवी. आ, ई, ऊ शेवटी असेल तर हवं तेवढं ताणता येतं.

माझ्या चुलतभावाचं अच्युत ठेवणार होते. हाकेत त्यातला त वाटेतच गळायचा. खाली नुसतं "अच्यूऽऽ" पोचायचं, काकू म्हणाल्या, सर्दी झालीये का तुम्हाला? अविनाश ठेवलं.

तुमच्या यादीतल्या नावांनाही आडनावासकट हाक मारून बघा. दोनदा. एकदा प्रेमाने, एकदा चिडून. आईने पूर्ण नाव उच्चारलं की मूल समजतं, आज काही खरं नाही.


भांडुपचा_बंड्या | सोमवार, सकाळी ८.०२

गिरगावकरांशी असहमत. वानखेडेवर हजारो लोक "सचिऽन, सचिन" ओरडायचे. शेवट न चा. मैदानाच्या बाहेर चर्चगेटपर्यंत ऐकू जायचं.


गिरगावकर_७२ | सोमवार, सकाळी ८.१०

लोक ताणायचे ती चि, न नुसता थांबायला. आणि ते नाव सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं आहे, सुराचा विचार करूनच ठेवलं असणार! मान्य, मधे ताणायला जागा असली तरी चालतं.


ळ_चा_लळा | सोमवार, सकाळी १०.३०

दादरच्या एका शाळेत सव्वीस वर्षं मराठी शिकवलं, रोज हजेरी घेतली. त्या अनुभवावर बोलते.

आधी आवाजाचं. अकारान्त नावातला शेवटचा अ आपण लिहितो पण उच्चारत नाही. त्यामुळे नावाचं शेवटचं व्यंजन जाऊन आडनावाच्या पहिल्या अक्षरावर आदळतं. समीर राणे म्हणताना 'समीर्राणे' होतं. विवेक कदम 'विवेक्कदम'. माझ्या वर्गात एक ओम मोरे होता, दहावीपर्यंत तो 'ओम्मोरे'च राहिला, नवीन बाईंना वाटायचं त्याचं नुसतं आडनावच आहे. मुलींच्या नावांना हा त्रास कमी, कारण बहुतेक आ नाहीतर ई वर संपतात.

तुमच्याकडे भानगड वेगळी आहे. साळेमध्ये दंत्य स आणि पाठोपाठ ळ. नावात श आला की जीभ गोंधळते. सायशा साळे हे पाच वेळा भरभर म्हणून बघा, मग 'काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' सोपं वाटेल. नावात ल असेल तर ल आणि ळ यांच्यात एकाचा बळी जातो: शीतल साळे, मृणाल साळे. म्हणजे लीला, शैला, नीलिमा वगैरे वगळाच. सई साळे कानाला गोड आहे, पण हजेरीत आडनाव आधी येतं. 'साळे सई' म्हणताना दोन स मध्ये श्वास घ्यावा लागतो.

राहिला ळ. ऋग्वेदाची पहिली ऋचा 'अग्निमीळे पुरोहितम्' अशी सुरू होते, सुरुवातीलाच ळ आहे. मराठीत आहे, गुजरातीत आहे, कन्नड, तेलुगू, मल्याळममध्येही आहे. ज्यांना येत नाही त्यांनी शिकावा. त्यांच्या जिभेसाठी तुम्ही मुलीचं नाव कशाला कापता?


चेंबूरची_चिंगी | सोमवार, सकाळी ११.१५

बाई, दंडवत. सायशा बाद, मावसबहिणीला तुमचं नाव सांगते. तुमचं ळ चं म्हणणं मनापासून पटतं, पण हजेरी घेणाऱ्या सगळ्या बाई तुमच्यासारख्या नसतात. नवरा अंधेरीत काम करतो, तिथे त्याला दिवसातून चार वेळा 'साले जी' म्हणतात. जी लावल्यामुळे तर जास्तच वाईट वाटतं.


अंक_नऊ | सोमवार, दुपारी १२.४०

आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक एल वाढवा. एस ए डबल एल ई. बेरीज पण सुधारते आणि 'सेल'ही वाचणार नाहीत.


खवचट_खानदेशी | सोमवार, दुपारी १२.४८

डबल एलवालं 'साल' म्हणजे फ्रेंचमध्ये खोली. मुंबईत मुलगी जन्मतःच खोलीवाली झाली तर आणखी काय पाहिजे? लगेच करा.


वॉर्डाच्या_रांगेत | सोमवार, दुपारी १.३०

अंक नऊ यांचं कृपया ऐकू नका. हे चुकून करून बसलेला माणूस बोलतोय.

मुलाच्या वेळी हॉस्पिटलातल्या फॉर्मवर आडनावात एक जास्तीचा ए पडला. वाटलं, काय बिघडतं. आता जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, माझ्या पॅनवर दुसरं, आणि प्रत्येक ठिकाणी 'हे दोघे बापलेक आहेत' असं मीच पटवून द्यायचं. दुरुस्तीसाठी आठ महिने हेलपाटे घातले. मुलीसाठी स्पेलिंग बदलायचं तर आधी बापाचं बदला, नाहीतर आहे तेच ठेवा.

बाकी घाईचं म्हणाल तर घाई बारशाची आहे, कायद्याची नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, ती बहुतेक हॉस्पिटलच कळवतं. पण नावाचा रकाना कोरा ठेवता येतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे १२ महिन्यांत नाव कळवलं तर शुल्क नाही, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. बाळ ज्या वॉर्डात जन्मलं त्या वॉर्डाच्या ऑफिसात जायचं, राहत्या वॉर्डात नव्हे. यात निम्मी मुंबई चुकते. मुलुंडला राहता आणि प्रसूती दादर पश्चिमेला झाली तर तुमचा वॉर्ड जी उत्तर.

मात्र एकदा नाव चढलं की मन बदलायचं नाही. नंतरची दुरुस्ती ही चूक सुधारण्यासाठी असते, आवड सुधारण्यासाठी नाही. मग चर्नी रोडचं शासकीय मुद्रणालय आणि राजपत्र, ती निराळी यात्रा. आधारवर नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येतं. आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच धरतात. म्हणून अर्ज देण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं मोठ्याने वाचा, मग सही करा.


चेंबूरची_चिंगी | सोमवार, दुपारी २.०५

हे सोन्यासारखं सांगितलंत. आमचा वॉर्ड तोच. हातातल्या पट्टीवर अजून 'बेबी ऑफ' आणि माझं नाव आहे, बरंच वाटतं बघायला.


भांडुपचा_बंड्या | सोमवार, दुपारी २.२०

अवांतर: ती पट्टी जपून ठेवा. सुनील गावसकर १९४९ साली जन्मले तेव्हा हॉस्पिटलात बाळांची अदलाबदल झाली होती. कानाच्या पाळीपाशी बारीक भोक होतं, ते दुसऱ्या दिवशीच्या बाळाला नाही हे काकांच्या लक्षात आलं, म्हणून शोधाशोध झाली. बाळ एका कोळिणीच्या शेजारी झोपलेलं सापडलं. आत्मचरित्रात त्यांनीच लिहिलंय. नाहीतर नाव-आडनाव सगळंच वेगळं झालं असतं.


एडिसनची_मोरे | सोमवार, दुपारी ३.००

न्यू जर्सीतून लिहितेय, इथे पहाट आहे. आडनावांचं इंग्रजी वाचन हा माझा आवडता विषय. आम्ही मोरे, म्हणजे इथे 'मोअर'. ओळखीतले दाते 'डेट' झालेत, माने 'मेन' म्हणजे घोड्याची आयाळ, मुळे 'म्यूल' म्हणजे खेचर. एक गोरे आहेत त्यांचा 'गोअर' होतो, शब्दाचा अर्थ रक्ताचा सडा, आणि गृहस्थ मुंगीसुद्धा मारत नाहीत.

दुसऱ्या मुलाचं नाव नोआ ठेवू या असं नवऱ्याच्या मनात होतं. नोआ मोरे भरभर म्हणा. नो मोअर. मित्र म्हणाले, दोन झाली, योग्यच आहे. आम्ही अर्णव ठेवलं.

एक गोष्ट खरी काळजीची. माझ्या पासपोर्टवर माझ्या नावाला जोडून वडिलांचं नाव एकाच रकान्यात आहे. इथे मधलं नाव म्हणजे वडिलांचं ही समजूतच नाही, त्यामुळे पहिली दोन वर्षं ऑफिसच्या ओळखपत्रावर मी आणि बाबा एकत्र होतो. बाळाचं नाव छोटं ठेवा. मागून डबे लागणारच आहेत.


ळ_चा_लळा | सोमवार, दुपारी ४.१०

आणि आता डबे वाढलेत. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारचा नियम आहे: मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. शाळेचे कागद, परीक्षेचे अर्ज, सातबारा, सगळीकडे असंच. चिंगीताईंनी चार अक्षरी आणि पाच अक्षरी का सांगितलं ते यावरून कळलं. मधे नऊ अक्षरं ठरलेली, शेवटी दोन. पुढे मृण्मयी नाहीतर ज्ञानेश्वरी लावलं की परीक्षेत नावाच्या चौकटी भरेपर्यंत पहिली घंटा होईल. पुढे दोनच अक्षरं हवीत.

ज्ञ वरून आठवलं, आपण डी एन वाय लिहितो, इतर प्रांतांतले लोक 'डन्या' वाचतात. ऋ ला आपण रु म्हणतो, हिंदीत रि, म्हणून आपली ऋतुजा तिकडे रितुजा होते. हेही टाळता आलं तर बरं.


स्पष्टवक्ता_ठाणे | सोमवार, सायंकाळी ५.३०

एवढा काथ्याकूट कशाला? मुलगीच आहे ना. लग्नानंतर आडनाव बदलणारच. आडनावाला शोभणारं नाव मुलांसाठी शोधायचं असतं.


निनावी_माय | सोमवार, सायंकाळी ५.३४

पडली ठिणगी.


चेंबूरची_चिंगी | सोमवार, सायंकाळी ५.५०

स्पष्टवक्ते, बाळ नऊ दिवसांचं आहे. अजून मान धरता येत नाही आणि तुम्ही तिला सासरी पाठवलंत. लग्नानंतर आडनाव बदलावं असा कायदा आपल्याकडे नाही. मी कागदोपत्री माहेरच्याच आडनावावर आहे.


स्पष्टवक्ता_ठाणे | सोमवार, सायंकाळी ५.५८

मग बाळाला तुमचंच आडनाव लावा की. प्रश्नच मिटला. काय आहे माहेरचं?


चेंबूरची_चिंगी | सोमवार, सायंकाळी ६.०१

गाढवे.


खवचट_खानदेशी | सोमवार, सायंकाळी ६.०२

हसून हसून पुरेवाट. साळेच राहू द्या.


मुलुंडच्या_आजी | सोमवार, रात्री ९.१५

नातवाने मोठ्या अक्षरात लावून दिलंय, सावकाश लिहिते. आमच्या वेळी नुसतं आडनाव नाही, अख्खी बाई बदलायची.

माझं लग्न १९६८ साली झालं. माहेरी मी कुसुम. बोहल्यावरून उतरले तर पुढे ताट आणलं, त्यात तांदूळ पसरलेले. यांनी सोन्याच्या अंगठीने त्यात लिहिलं, उमा. यांचं नाव सदाशिव ना, म्हणून. सदाशिवाला कुसुम कशी चालेल? मला आधी कुणी विचारलं नव्हतं. मी वाचलं आणि तेवढ्यात कुणीतरी ताट हलवलं, अक्षरं मोडली. नाव मात्र राहिलं.

माझी आई शेवटपर्यंत मला कुसुमच म्हणत राहिली. सासरी तिचं पत्र यायचं, पाकिटावर 'सौ. उमा', आत 'चि. कुसुम'. शाळेचा दाखला कुसुमचा, रेशनकार्ड उमाचं, आणि हे गेल्यावर पेन्शनसाठी मला लिहून द्यावं लागलं की या दोन्ही बायका मीच. तो कागद करताना ऑफिसातला मुलगा म्हणाला, आजी, तुम्हाला कुठलं नाव आवडतं? पंचेचाळीस वर्षांनी पहिल्यांदा कुणी विचारलं.

म्हणून सांगते, नाव असं ठेवा की पोरीला ते कुणी बदलायला सांगितलं तर तिला राग यावा.

आणि साळ म्हणजे टरफलासकट तांदूळ बरं का. वाईट नाही काही आडनाव.


निनावी_माय | सोमवार, रात्री ९.४०

आजी, __/\__. तुम्हाला इथे काय म्हणू, उमाआजी की कुसुमआजी?


मुलुंडच्या_आजी | सोमवार, रात्री ९.५५

कुसुम म्हण.


पावसाळी_दुपार | सोमवार, रात्री ११.३०

मी फारशी लिहीत नाही, वाचतच असते. मेघा नावात एवढं वाईट काय आहे? सोपं आहे, अर्थ स्वच्छ आहे, ल नाही, श नाही, हाक मारायला शेवटी आ आहे. वरच्या सगळ्या परीक्षांत पास होतं. एका विनोदापायी नाव टाकायचं? विनोद काय कुठल्याही नावावर करता येतो. आणि आत्याचा मान असतो.


चेंबूरची_चिंगी | मंगळवार, रात्री १.५०

मान आहेच हो. कानात नाव त्याच सांगणार, पाठीत धपाटेही त्याच खाणार. पण विनोद एकदाचा नसतो. शाळेची बारा वर्षं, वर्गात साठ मुलं. माझा नवरा अजून क्लिअरन्स आहे.


पावसाळी_दुपार | मंगळवार, सकाळी ७.२०

एक विचारू? तो ठसका लागला तो शनिवार होता का? आणि जेवायला भरली वांगी होती का?


खवचट_खानदेशी | मंगळवार, सकाळी ७.२२

अरे देवा.


भांडुपचा_बंड्या | मंगळवार, सकाळी ७.२५

शेंगदाणे घेऊन बसलोय.


पावसाळी_दुपार | मंगळवार, सकाळी ७.४०

क्लिअरन्स म्हणणारी त्याची सगळी टोळी आमच्या लालबागच्या घरी येऊन पोहे खाऊन जायची, मला नाही कळणार तर कुणाला? अगं, मला फोन करायचास ना. लोकांना सांगत बसलीस.

आणि लहानपणापासून आवडतं असं मी कधी म्हटलं? ते तुझ्या नवऱ्याने लावलेलं शेपूट. बाळ झालं त्या रविवारी काय पाऊस होता आठवतंय का? तुला तिथलं जेवण नको होतं म्हणून मी डबा घेऊन निघाले. हिंदमाताला टॅक्सीवाल्याने हात वर केले. कमरेइतक्या पाण्यातून डबा डोक्यावर धरून दादरपर्यंत चालत आले. वर आले तर नर्सने बाळ दाखवलं, बाहेर नुसता अंधार आणि ढग. तेव्हा मनात आलं, मेघा. सेल-बिल माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.


निनावी_माय | मंगळवार, सकाळी ७.५५

आता मला मेघाच आवडायला लागलंय.


चेंबूरची_चिंगी | मंगळवार, सकाळी ८.३०

ताई, चुकलं. फोन करते. डब्यात मऊ भात आणि मेतकूट होतं, आणि तो भात अजून गरम होता, हे मी कुणाला सांगितलंच नाही.


ळ_चा_लळा | मंगळवार, सकाळी ११.००

दोघी बोलत असतील तोवर एक सुचवते. पावसावरून हवं असेल तर वर्षा नको (वर्षभर सेल), श्रावणी नको (तो तर दरवर्षी असतोच). पण तुमच्या यादीत इरा आहे. अमरकोशात इरा शब्दाचे चार अर्थ दिलेत: भू, वाक्, सुरा आणि आप्. जमीन, वाणी, मद्य, पाणी. पाणी आत्याचं, जमीन साळीची, वाणी तिची ती मिळवेल. दोन अक्षरं, स नाही, ल नाही, शेवटी आ.


खवचट_खानदेशी | मंगळवार, सकाळी ११.०६

उरलेला चौथा अर्थ वडिलांचा.


एडिसनची_मोरे | मंगळवार, दुपारी ४.२०

सुंदर आहे, पण सावध करते. इथे या स्पेलिंगला 'आयरा' वाचतात, ते म्हाताऱ्या आजोबांचं नाव असतं. शिवाय याच तीन अक्षरांचं निवृत्तीचं खातं असतं. आयरा सेल म्हणजे पेन्शनवर सूट.


गिरगावकर_७२ | मंगळवार, दुपारी ४.४०

जगातल्या सगळ्या भाषांना विचारून नाव ठेवायचं तर पोरगी 'बेबी ऑफ'च राहील. हाक मारून बघितली का?


चेंबूरची_चिंगी | बुधवार, रात्री ११.५५

बघितली. ताई आज सकाळीच आल्या, वांगी घेऊन. मी चौथ्या मजल्यावर बाल्कनीत, नवरा खाली कंपाउंडात, ताई जिन्यापाशी पंच म्हणून.

नवऱ्याने खालून गळा काढला, "ताराऽ साळेऽ!" गेटवरचे चौकीदारभैया खुर्चीतून उठले. "अवनीऽ साळेऽ!" ते चार पावलं पुढे आले. तिसऱ्यांदा "साळेऽ" झाल्यावर म्हणाले, "साहब, हमसे कोई गलती हुआ क्या?" नवरा त्यांना ळ समजावत बसला. "जीभ उलटी करो" म्हणत होता. पाच मिनिटांनी दोघंही ळळळ करत होते आणि वरून बाळ रडत होतं.

ताई हसून जिन्यावर बसल्या. म्हणाल्या, "म्हणजे दोष आडनावाचाच. माझ्या मेघाला उगीच बोल लावलेत." यावर माझ्याकडे उत्तर नाही. खरंच आहे ते. आडनाव बदलता येत नाही, म्हणून सगळा राग बिचाऱ्या नावावर निघत होता.

मग त्यांनीच आडनाव सोडून नुसती हाक मारली. मेघाऽ. ताराऽ. इराऽ. इराला बाळ रडायचं थांबलं. भूक लागली होती म्हणून थांबलं असेल, मी तेव्हाच पाजायला घेतलं होतं. पण सासूबाईंनी तेवढं धरून ठेवलंय.

उद्या बारसं. स्पेलिंग आय-आर-ए, पुढे एस-ए-एल-ई, जसं आहे तसं. अर्ज मी स्वतः भरणार आणि मोठ्याने वाचणार, वॉर्डाच्या रांगेतले दादा.


मुलुंडच्या_आजी | गुरुवार, सकाळी ६.१०

इरा. छान. पाळण्याखाली तांदूळ ठेव मूठभर, काही लिहू नको त्यात.


निनावी_माय | शुक्रवार, सकाळी १०.००

कसं झालं बारसं? वृत्तांत येऊ द्या.


चेंबूरची_चिंगी | शुक्रवार, दुपारी १.१५

झालं झकास. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, सगळं साग्रसंगीत. बायकांनी ताईंच्या पाठीत असे धपाटे घातले की शेवटी त्यांनी हात जोडले. एकच गंमत, ताई कानात जरा जास्तच वेळ बोलत होत्या. इरा म्हणायला एवढा वेळ लागतो का?


पावसाळी_दुपार | शुक्रवार, दुपारी १.४०

मोठ्याने इराच म्हटलं ना सगळ्यांपुढे? मग. कानात काय सांगितलं ते तिला आणि मला माहीत. तुझ्याकडे उरलेल्या घुगऱ्या फ्रीजमध्ये ठेव, मी रविवारी येतेय.